आत्तींना झोपेची गोळी का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेता घेतासुद्धा हा प्रश्न मला येतो. "रात्ररात्र जागता, तोंड बघा कसं सुकलंय. सासूबाईंना झोपेची एक गोळी का देऊन टाकत नाही?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते. पण उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, आणि मी नुसतीच "बघू" म्हणून पुढे जाते.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, ८१ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. त्याआधीचं त्यांचं सगळं आयुष्य म्हशींत गेलं. कोल्हापूरच्या जुन्या पेठेतलं आमचं घर गवळ्याचं. पहाटे तीनला उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढायच्या; दुपारी चारला पुन्हा तेच. दूध काही रतिबाला जायचं, काही गंगावेशीच्या कट्ट्यावर, जिथं म्हैस समोर उभी असते आणि गिऱ्हाईक धारोष्ण दुधाचा पेला तिथंच रिकामा करतं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं लावून त्या मिरवायला निघायच्या, तेव्हा आत्ती पुढं असायच्या. शेवटची म्हैस विकून आता अठरा वर्षं झाली. गोठ्याच्या जागी आमची मोटारसायकल उभी असते.

निदानानंतर वर्षभरात रात्री सुरू झाल्या. पावणेतीन-तीनला उठायचं, पदर खोचायचा आणि अंधारात भांडी धुंडाळायची. "कासंडी कुठं ठेवलीयास गं? म्हशी रेकायल्यात, ऐकू येत न्हाई व्हय?" मी समजावायची, "आत्ती, म्हशी कधीच विकल्या. झोपा बघू." त्यांचा चेहरा असा व्हायचा की म्हशी जणू आत्ताच कुणी सोडून नेल्या. मग रडू, मग राग, मग दाराची कडी हिसकणं. एका पहाटे कडी निघालीच. तालमीला निघालेल्या दोन पोरांना त्या गंगावेशीच्या वाटेवर दिसल्या, हातात चरवी, पायात काही नाही. पोरांनी ओळखलं म्हणून हाताला धरून घरी आणलं. "आज्जी म्हणती, मी दूध घालून येतो," एवढंच ती पोरं म्हणाली. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही.

आता गोळीचं. आम्ही दिली होती. आत्तींना सर्दी झाली, घरात सर्दीची गोळी होती, क्लोरफेनिरामिनची. तिनं गुंगी येते हे मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर सर्दीपेक्षा त्या गुंगीसाठीच मी ती दिली. रात्रभर आत्ती भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत बसल्या. सकाळी मोरीत पडल्या, मनगट मोडलं. डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. आठवणीच्या कामाला मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं आणि अल्झायमरमध्ये तेच कमी पडतं. आत्तींना रोज जी डोनेपेझिलची गोळी चालू आहे ती आहे तेवढं ॲसिटिलकोलीन टिकवायला बघते, आणि सर्दीची ती गोळी नेमकं त्याचंच काम अडवते. एका हातानं देत होते, दुसऱ्या हातानं काढून घेत होते.

नेहमीच्या झोपेच्या गोळ्यांनी या वयात तोल जातो, सकाळी गोंधळ वाढतो, आणि खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुन्हा उभं राहीलच असं नाही. भ्रमावरच्या, चिडचिडीवरच्या ज्या जोरकस गोळ्या असतात, त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ साली इशारा दिला: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून त्या कधीच द्यायच्या नाहीत असं मी म्हणत नाही. आत्ती भीतीनं अंगावर धावून यायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी अगदी थोड्या मात्रेत तीन आठवडे दिली, दर आठवड्याला तपासलं आणि बंद केली. ते त्यांनी ठरवलं. शेजारच्यांना लागू पडली म्हणून मी दुकानातून आणायची, हे मात्र आता होणार नाही.

त्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "त्या रात्री उठतात, पण कशासाठी उठतात?" मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर शाळेची एक कोरी वही काढली आणि रात्री लिहायला लागले. किती वाजता उठल्या, काय म्हणाल्या, चहा कधी घेतला, पोट साफ झालं का, दिवसा किती वेळ डुलक्या काढल्या. दोन आठवड्यांत वही बोलायला लागली.

पहिली गोष्ट लघवी. रक्तदाबाची एक गोळी लघवी वाढवणारी होती आणि ती आम्ही संध्याकाळी देत होतो. डॉक्टरांना विचारून सकाळी केली. डोनेपेझिलही रात्रीची सकाळी केली, कारण तिनं काहींची झोप उडते, भलती स्वप्नं पडतात. दुसरी गोष्ट गुडघे. आत्तींना "दुखतंय" हा शब्दच सापडत नव्हता, त्या फक्त उठून येरझाऱ्या घालायच्या. नॉर्वेतल्या शुश्रूषागृहांत डिमेन्शियाच्या ३५२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये छापून आला. त्यात टप्प्याटप्प्यानं वेदनेवर उपचार केले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल, आणि त्यांची अस्वस्थता कमी झाली. आमच्याकडेही डॉक्टरांनी तेच सुरू केलं आणि वहीत फरक दिसला. आणि एकदा दोन दिवसांत सगळं एकदम बिघडलं, दिवसाही ओळख पटेना, तेव्हा आजार वाढला म्हणून आम्ही हात टेकले होते. लघवी तपासली तर जंतुसंसर्ग निघाला. हे एवढं लक्षात ठेवा: बिघाड हळूहळू झाला तर आजाराचा असू शकतो, पण एका-दोन दिवसांत झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग राहिला पहाटेचा तीन आणि दुपारचा चार. दुपार कलली की अनेक डिमेन्शियाग्रस्त माणसांची घालमेल वाढते. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ते आपलं घड्याळ. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर ते जुळतं. अल्झायमरमध्ये त्या पेशीही झिजतात, मग दिवस आणि रात्र एकमेकांत सांडतात. आत्तींच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हणजे उजेडही अर्धाच पोचत होता. ते ऑपरेशन आम्ही "या वयात कशाला" म्हणून टाळत होतो. करून घेतलं, आणि कोपऱ्यातल्या सावलीला "कोण उभं हाय तिथं?" म्हणून घाबरणं कमी झालं.

आता सकाळी आठला यांच्यासोबत आत्ती रंकाळ्यावर अर्धा तास उन्हात चालतात किंवा नुसत्या बसतात. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देत नाही. चहा दोननंतर बंद, त्याऐवजी दूध. आणि चार वाजता मी त्यांना काम देते. बादलीत पाव किलो सरकी भिजत घालायची. कासंडी राखेनं घासायची. ही युक्ती मला नणंदेनं सुचवली. त्या म्हणाल्या, "वैनी, आईला बसवून ठेवू नका, तिला बसायची सवय न्हाई." सरकी भिजवताना आत्तींचे हात अजूनही चुकत नाहीत. मुलाचं नाव चुकतं, मूठ चुकत नाही. सरकी दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या गवळ्याकडे जाते. संध्याकाळी खिडकीबाहेर अंधारायच्या आतच मी घरातले दिवे लावते. रात्री संडासाच्या वाटेवर पिवळा मंद दिवा असतो, कपाटाचा आरसा झाकलेला असतो, गॅसचा रेग्युलेटर बंद असतो. दाराला म्हशीच्या गळ्यातली जुनी घंटा बांधून पाहिली, म्हणजे दार हललं की आम्हाला जाग येईल. ती मात्र चूक झाली. घंटा वाजली की आत्ती ओरडायच्या, "म्हस सुटली!" घंटा काढून बाजारातलं साधं बझर लावलं.

आणि मी त्यांना आता म्हशी विकल्या असं सांगत नाही. यावर मला बोलायचंय, कारण मी शिक्षिका आहे, खोटं बोलू नका असं मुलांना सांगते. पहिल्यांदा "धार झालीया, आत्ती" म्हणताना माझी जीभ अडखळली. पण खरं सांगून मी दर रात्री त्यांच्या म्हशी नव्यानं विकत होते, आणि सकाळपर्यंत ते विसरून दुसऱ्या रात्री पुन्हा तेच दुःख. त्यांना म्हशींची काळजी वाटते, ती काळजी खरी आहे. मी त्या काळजीला उत्तर देते. "धार झालीया. दूध कट्ट्यावर गेलंय." त्या विचारतात, "किती निघालं?" मी म्हणते, "आठ लिटर." कधी म्हणतात, "कमीच हाय की. पेंड वाढीव." मग संडासला नेते, पाय पुसते, अर्धा कप कोमट दूध देते, आणि शेजारी बसून काही बोलत नाही.

हे सगळं करूनही काही रात्री काहीच चालत नाही. त्या रात्री आम्ही वाटून घेतल्या आहेत: दहा ते दोन मी, दोन ते सहा हे, शनिवारी रात्री नणंद येतात आणि आम्ही दोघं वरच्या खोलीत दार लावून झोपतो. ही वाटणी व्हायच्या आधी एका रात्री मी आत्तींच्या दंडाला धरून त्यांना खाटेवर जोरानं बसवलं होतं. दंडावर माझी बोटं उमटली. सकाळी त्यांना आठवत नव्हतं, मला आठवतं. म्हणून तुमच्या घरात असं माणूस असेल, तर झोप आधी स्वतःची वाटून घ्या, नातेवाइकांना मदत स्पष्ट शब्दांत मागा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे. गोळीचा प्रश्न डॉक्टरांकडे न्यायचाच असेल तर दोन आठवड्यांची वही भरून, ती घेऊन जा.

आमच्या वहीत काल रात्रीचं असं आहे: "२:५० उठल्या. सरकी भिजली का विचारलं. लघवी झाली. उजवा गुडघा धरून बसल्या, सकाळी डॉक्टरांना फोन. दूध अर्धा कप. ३:२५ झोप."