रांजण

रद्दी बांधायला बसले की माझी अख्खी दुपार जाते. सुतळी मांडीखाली, कात्री हरवलेली, आणि मी दोन महिन्यांपूर्वीचं पान वाचत बसलेली. परवाही तसंच. कुठल्याशा पतसंस्थेच्या चौकशीची बातमी होती आणि वर ठसठशीत मथळा: ‘पँडोराची पेटी उघडणार?’

‘‘पेटी नाही हो, रांजण!’’ मी मोठ्यांदा म्हणाले. घरात कुणी नव्हतं. असतं तरी उपयोग नव्हता, घरच्यांना हे पाठ आहे. कुणाला चहात आलं किसून घातलं की राग येतो, कुणाला ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की. मला या पेटीचा येतो.

पँडोराची मूळ गोष्ट सांगणारा हेसिओड ग्रीसमधल्या आस्क्रा नावाच्या खेड्यातला शेतकरी कवी, इसवी सनापूर्वी ७००च्या आसपासचा. स्वतःच्या गावाबद्दल त्याचं मत असं: हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात जीव नकोसा करणारं, चांगलं कधीच नाही. वडिलांच्या जमिनीवरून भावाशी तंटा, आणि न्याय करणारे लाचखाऊ. म्हणजे ग्रीक वगैरे बाजूला ठेवा, माणूस आपल्या ओळखीचा आहे. त्या भावाला चार शब्द सुनवायला म्हणून त्यानं एक लांबलचक काव्य रचलं. आपल्याकडे भाऊबंदकीतून एवढं काही निघत नाही, फार तर तारीख पडते.

त्या काव्यात ती गोष्ट आहे. प्रोमीथियसनं पोकळ देठात लपवून विस्तव चोरला, म्हणून देवांचा राजा झ्यूस चिडला. त्यानं माती आणि पाणी कालवून एक बाई घडवून घेतली, तीच पँडोरा. देवांनी तिला एकेक काही दिलं, कुणी रूप, कुणी विणकाम, हर्मिसनं तर कुत्र्याचं मन. मग तिला पाठवलं प्रोमीथियसच्या भावाकडे. या भावाचं नाव एपिमीथियस, म्हणजे ज्याला मागाहून सुचतं तो. बैल गेला नि झोपा केला, या जातीचा. ‘झ्यूसकडून आलेलं काही घेऊ नकोस’ असं भावानं बजावलेलं असूनही त्यानं ती घेतली. तिनं झाकण उचललं आणि दुखणी, कष्ट, सगळं जगभर उधळलं. मला त्यातला एक तपशील फार आवडतो. रोग माणसाकडे गुपचूप येतात, कारण झ्यूसनं त्यांची वाचा काढून घेतली आहे. अडीच हजारांवर वर्षं झाली, रक्तदाब अजून तसाच येतो.

पण झाकण कशाचं? हेसिओडचा शब्द आहे ‘पिथोस’. पिथोस म्हणजे धान्य, तेल, दारू साठवायचा मातीचा भलामोठा रांजण. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉटरडॅमच्या एराझमसनं ही गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना ‘पिक्सिस’ लिहिलं. पिक्सिस म्हणजे झाकणाची डबी. सायकी नावाच्या दुसऱ्या एका मुलीच्या गोष्टीत खरोखरच डबी आहे आणि तीही ती उघडते. ती गोष्ट त्याच्या डोक्यात घोळत असावी असं मानतात. माणूस साधासुधा नव्हे. १५१६ साली बायबलच्या नव्या कराराची ग्रीक संहिता छापून काढणारा हा पंडित. पण भांड्यांशी त्याचं काहीतरी वाकडं होतं. स्पष्ट बोलण्याबद्दल ग्रीकांची एक म्हण आहे, अंजिराला अंजीर म्हणावं आणि काथवटीला काथवट. तिथं यानं काथवटीचं फावडं केलं, आणि इंग्रज आजतागायत फावड्याला फावडं म्हणत बसलेत. कधी स्वयंपाकघरात गेला नसावा.

पाश्चात्त्यांचं सगळं ग्रीकांकडून आलं म्हणतात. आलं खरं, पण वाटेत भांडी बदलली. पुढचे चित्रकार पँडोराच्या हातात नाजूक पेटी देत राहिले. रोझेटीच्या १८७१च्या चित्रातही पेटीच आहे, आतून धूर निघतोय. तो ग्रीक तत्त्ववेत्ता डायोजेनिससुद्धा पाहा. शाळेत आम्हाला सांगितला तो पिंपात राहायचा, जर्मन लोकांच्या तोंडीही पिंपच आहे. तोही पिथोसच होता. अथेन्सच्या चौकाजवळ देवीच्या मंदिरापाशी रांजण आडवा करून हा गृहस्थ राहत असे. एका पोरानं तो फोडला, तेव्हा अथेन्सकरांनी पोराला फटके दिले आणि डायोजेनिसला नवा रांजण दिला. एवढी तत्पर नगरपालिका मी तरी पाहिलेली नाही.

ग्रीसच्या क्रीट बेटावरल्या क्नोसोसच्या राजवाड्यातले रांजण मी फोटोत पाहिले आहेत. लांबट कोठारांत ओळीनं उभे, पुरुषभर उंचीचे, अंगावर दोरखंडासारखी नक्षी आणि ठिकठिकाणी कान. मिनोस कालोकैरिनोस नावाच्या तिथल्याच एका माणसाला १८७८ साली ते खणताना सापडले. फोटो बघून मला आधी थंडावा जाणवला.

कारण आमच्या आजोळी, सांगलीकडे, मागच्या सोप्याला रांजण होता. अर्धा जमिनीत पुरलेला. वर फळ्या जोडून केलेलं झाकण, त्यावर पितळेचं ओगराळं पालथं. मला त्यात तोंड घालून ‘ऊऽऽ’ करायचा नाद होता. आतून पुरुषी आवाजात उत्तर यायचं. ‘‘डोकं अडकेल गं, बाहेर हो,’’ आजी म्हणायची. पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तीच कमरेपासून आत जायची. बाहेर फक्त नऊवारीचा काष्टा आणि वर उचललेल्या, भेगाळलेल्या दोन टाचा. आतून ओगराळं तळाला खरखरल्याचा आवाज यायचा. तो आला की घरात कुणी पाणी सांडायचं नाही. हेसिओडचा सल्ला अगदी उलटा आहे. रांजण उघडताना आणि संपताना पोटभर घ्या, काटकसर मध्ये करा, तळाशी आल्यावर कसली काटकसर! आजीनं त्याला त्याच ओगराळ्यानं हाणलं असतं.

तेव्हापासून पँडोरा मला त्या टाचांनीच दिसते. पेटी उघडायला चोंबडेपणा लागतो. रांजण उघडायला काय लागतं? घरात माणसं आहेत, धान्य किती उरलं ते बघायचंय, एवढंच. हेसिओड तिला मुळीच सूट देत नाही, बायकांबद्दल तो वाईटच बोलतो. पण ‘उघडू नकोस’ असं तिला कुणी बजावल्याचं त्याच्या काव्यात नाही. ते सगळं पुढच्या लोकांनी घातलं. रांजणाची पेटी झाली आणि घरधनीण नसत्या चौकशा करणारी झाली.

आणि आपल्या वर्तमानपत्रांना तरी पँडोरा कशाला हवी? आपल्याकडे पेव फुटतं की! सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीखाली. २००५च्या पुरानं कितीतरी गेली. पेव उघडल्याबरोबर आत कुणी उतरत नाही, कोंडलेली हवा जीव घेते. ‘पतसंस्थेचं पेव उघडणार?’ काय वाईट आहे?

राहिली आशा. सगळं उडून गेलं आणि झाकण पडलं, तेव्हा ती एकटी आत अडकली. मी लहानपणापासून तिला तळाशी समजत होते, त्या खरखरण्यापाशी. हेसिओड म्हणतो, काठाच्या खालोखाल होती. म्हणजे निघतच होती. आता, ती अडकली म्हणजे आपल्यासाठी जपून राहिली, की आपल्याला मिळालीच नाही? आणि दुखण्यांच्या रांजणात ती मुळात करत काय होती? पंडित यावर अजून भांडतात. शाळेत पाठ केलेल्या सुभाषितात आशा ही साखळी आहे, बांधलेला धावतो आणि सुटलेला पांगळ्यासारखा बसून राहतो. त्यावरून पाहता तिची जागा रांजणातच असणार. पण मला यातलं नक्की काही ठरवता येत नाही.

आजी गेल्यावर दोघा मामांनी वाटण्या केल्या. भांडीकुंडी, पाटे, पितळेचं ओगराळंसुद्धा कुणी कुणी नेलं. रांजण कुणी मागितला नाही, तो निघणारच नव्हता. धाकट्या मामानं सोप्याला फरशी घातली तेव्हा गवंड्यानं विचारलं, याचं काय करायचं. मामा म्हणाला, काठ तेवढा फोडून सपाट कर आणि घाल वरून. मी तिथंच उभी होते. भर टाकण्यापूर्वी आत कुणी पाहिलं नाही, मीसुद्धा नाही.