चढणाराही उतारूच कसा?

‘उतारूंचे हाल’ असा मथळा पेपरात आला की मला कुणी ना कुणी विचारतंच, ‘अहो, गाडीत चढतो तोही उतारू कसा?’ मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे असले प्रश्न माझ्याच दारात येऊन पडतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

गोम आहे त्या ‘उत्’मध्ये. उत् म्हणजे वर. उठणं, उगवणं, उड्डाण, सगळं वर जाणारं. मग उतरणं तेवढं खाली का? तर संस्कृतात ‘तॄ’ म्हणजे पाणी पार करणं. तरणं, तारू, तीर्थ ही त्याचीच लेकरं. कोकणात खाडी ओलांडणारी ‘तर’सुद्धा त्याच घरची. या तॄला उत् लागला की अर्थ होतो पाण्यातून वर येणं, काठाला लागणं.

हे पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते धोपाव्याला. दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडत होतो. बोट टेकली, पुढची लोखंडी फळी खणकन खाली पडली आणि खलाशी ओरडायला लागला, ‘उतरा, उतरा!’ लोक मोटारसायकली रेटत ओल्या चढावरून निघाले. माझ्यापुढच्या आजी गुडघ्यावर हात टेकून एकेक पाऊल वर टाकत होत्या आणि मागच्या नातवाला दटावत होत्या, ‘सांभाळून उतर रे!’ उतरत होते सगळे, चाललेले मात्र वर.

पुढे होडीतून उतरणारा माणूस घोड्यावरून, बैलगाडीतूनही उतरायला लागला. तिथे उतरणं म्हणजे खाली येणंच. पाणी मागे पडलं, ‘खाली’ तेवढं उरलं. मग घाट उतरला, ताप उतरला, चेहराही उतरला. ‘उतारू’ने मात्र नावेतला अर्थ सोडला नाही. पार जाणारा तो उतारू, मग तो फलाटावर अजून चढायच्या रांगेत का असेना.

‘उतार’चंही तेच. जुन्या मराठीत नदीचा उतार म्हणजे पाणी पायी ओलांडता येईल अशी जागा. ऑक्टोबर १७६०मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुनेचा असाच उतार गाठला, आणि कुंजपुऱ्याकडे गेलेल्या भाऊसाहेबांची दिल्लीची वाट तुटली. पानिपताबद्दल आपण इतकं बोलतो, पण या एका शब्दापाशी फारसं कुणी थांबत नाही.

‘अव’ म्हणजे खरोखरच खाली. त्याच तॄला तो लागला की अवतार, अवतरण. देव खाली येतात तो अवतार. (केस पिंजारून आलेल्या पोराला आई ‘काय हा अवतार!’ म्हणते, तेव्हा देवाचा काही संबंध राहत नाही.) गंमत म्हणजे लेखातून उचललेल्या मजकुराला आपण उताराही म्हणतो आणि अवतरणही. एकाच्या तोंडी ‘वर’, दुसऱ्याच्या तोंडी ‘खाली’, काम एकच. सातबाराचा उतारा काढायला गेलात तर हे तिथल्या खिडकीवर सांगत बसू नका, आधीच रांग असते.

आणि ‘उत्तर’? तो या घरातला नाही. तिथे उत्ला नुसता ‘तर’ प्रत्यय लागलाय, लघुतर-गुरुतरमधला. पुढचा प्रश्न हमखास तोच असतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.