खलघाटचा पूल नर्मदेत

सुभेदारसाहेब मूळचे साताऱ्याकडचे, पेन्शनीनंतर महूतच घर बांधून राहिलेले. लष्करातली उमेदीची वर्षं वाहनांचे ताफे हलवण्यात गेली. आमच्या प्रणालीच्या चाचणीसाठी ते इंदूरला, विजयनगरच्या ऑफिसात यायचे आणि स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता छापील कागद मागायचे.

प्रणालीचं काम नियोजनाचं. कुठलं युनिट, किती गाड्या, कुठून कुठे, हे भरलं की रस्ते, घाट, पूल, डिझेल, विसावा धरून ती मार्च टेबल, म्हणजे ताफ्यांच्या हालचालीचं वेळापत्रक, काढते. एका ताफ्याची वेळ सरकली की मागच्या सगळ्यांची सरकते. खरी डोकेफोड तिथे. अभियांत्रिकीची बाजू माझ्याकडे होती आणि त्या गणिताचा मला थोडा माजही होता. प्रत्यक्ष कामाचं इथे काही सांगता येत नाही. सरावाचा मार्ग मात्र कुणीही गाडी काढून बघावा असा: महू, मानपूर, धामनोद, खलघाट.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी साहेबांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे ट्रेलर खलघाटला फारच झटक्यात पार होतायत."

"साहेब, रस्ता चौपदरी आहे आता."

"असू दे की. रणगाड्याचे ट्रेलर पुलावर एकामागोमाग सोडता काय तुम्ही? अंतर ठेवून एकेक काढायचा. तो वेळ कुठाय यात?"

एकटा टी-७२ रणगाडा सुमारे ४१ टनांचा, वर ट्रेलरचं वजन. पुलाची भारक्षमता बघून गाड्यांमधलं अंतर वाढवायचा नियम आम्ही लिहिला होता, तपासलाही होता. म्हणून मी दोन तास वेळापत्रकाचं गणित उसवत बसलो. चूक तिथे नव्हतीच. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने नकाशा मोठा केला आणि म्हणाली, "दादा, पूल पाण्यात आहे."

खरंच होता. महामार्गाच्या पूर्वेला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, सव्वाशे मीटरच्या आसपास सरकून पुलाचं चिन्ह नर्मदेच्या पात्रात तरंगत होतं. प्रणाली पूल शोधायची रस्त्यापासून ५० मीटरच्या आत. तिथे तिला काही सापडलं नाही, म्हणून तिच्या लेखी खलघाटला पूलच नव्हता. नुसता सपाट रस्ता!

पुलांचा तो थर, म्हणजे पुलांच्या जागांची नकाशा-फाइल, ४६ एन क्रमांकाच्या जुन्या नकाशाच्या शीटवरून उतरवलेला. जुन्या शीट एव्हरेस्टच्या १८३०च्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या त्याच्या मापावर, बेतलेल्या. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. दोन्हींच्या विषुववृत्तीय त्रिज्येत आठशे मीटरहून जास्त फरक, आणि केंद्रंही जुळत नाहीत. तेच अक्षांश-रेखांश या पद्धतीत एका जागी, त्या पद्धतीत दुसऱ्या. गंमत म्हणजे जुन्या भारतीय मोजणीचा आरंभबिंदू आमच्याच मध्य प्रदेशात, सिरोंजजवळच्या कल्याणपूरच्या टेकडीवर. मी ते परीक्षेसाठी पाठसुद्धा केलं होतं.

पुलांच्या फाइलसोबत, अक्षांश-रेखांश कुठल्या पद्धतीतले ते सांगणारी पीआरजे फाइल नव्हती. ती नसेल तर डब्ल्यूजीएस ८४ समजावं, अशी एक ओळ आमच्या कोडमध्ये होती. कुणी लिहिली ते शोधलं. मीच, दोन वर्षांपूर्वी, काम अडू नये म्हणून.

प्रात्यक्षिक पुढे ढकलावं लागलं. तो फोन मीच केला. पलीकडून कारण विचारलं तेव्हा "पूल नदीत पडला" असं तोंडातून निघून गेलं आणि मग पाच मिनिटं खुलासा करण्यात गेली.

संध्याकाळपर्यंत ती ओळ काढली. आता पद्धत लिहिलेली नसेल तर फाइल आतच येत नाही. जुना सगळा साठा पुन्हा भरायला लावला, तर आणखी चार थर दारातच अडले. पुलांचा थर योग्य जागी बसवून टेबल पुन्हा छापलं. साहेबांनी चष्मा लावून खलघाटची ओळ वाचली, वाढलेल्या वेळेवर पेन्सिलीने बारीक टिंब दिलं आणि खालच्या ओळीकडे वळले. "आता घाटातलं बघू. उतारावर हा वेग कुणी धरला?"

अडलेल्या चारांपैकी तिघांची मूळ शीट पुढच्या आठवड्यात सापडली. चौथा थर अजून बंदच आहे.