सातव्या ख्रिश्चनचं चांदीचं रॉयलिन

माझ्याकडे होळकरांचे रुपये बरेच आहेत, इंदूरला राहून ते नसले तरच नवल, पण सध्या मी जे नाणं सारखं काढून बघतेय ते डेन्मार्कच्या राजाचं आहे आणि चालायचं आपल्या तमिळनाडूत! तरंगमबाडी, म्हणजे डॅनिश लोकांची वसाहत ट्रांकेबार, तिथलं हे रॉयलिन नावाचं चांदीचं नाणं, नखाएवढं. वर मुकुट आणि खाली राजाच्या नावाची अक्षरं, सातवा ख्रिश्चन.

हा १७६६ मधे गादीवर आला, सोळा वर्षांचा होता फक्त, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची बहीण कॅरोलिन माटिल्डा, पंधरा वर्षांची पोर, त्याची बायको झाली. पण राजाचं मन ठिकाणावर नव्हतं, आजार वाढत गेला आणि त्याचा डॉक्टर स्ट्रुएन्सी हळूहळू सगळा कारभार बघायला लागला. त्याने १७७० ला छापखान्यांवरची सेन्सॉरशिप काढली, गुन्हेगारांचा छळ बंद केला, खूप मोठी कामं ही, पण राणीशी संबंध जुळले आणि शत्रू टपलेलेच होते. जानेवारी १७७२ मधे मास्क घालून नाचायचा कार्यक्रम झाला त्या रात्री दोघांना पकडलं, एप्रिलमधे डॉक्टरचं मुंडकं उडवलं, राणीला देशाबाहेर काढलं आणि ती तेविसाव्या वर्षी वारली. मला सगळ्यात वाईट तिचंच वाटतं, मुलंसुद्धा जवळ ठेवू दिली नाहीत तिला.

त्यानंतर राजाच्या सावत्र आईच्या गटाची सत्ता आली, १७८४ ला ती राजाच्या मुलाने हिसकावली, पण मरेपर्यंत म्हणजे १८०८ पर्यंत राजा कागदोपत्री हाच.

आणि आपल्याकडे तेव्हा काय होतं बघा. अहिल्याबाईंच्या मल्हारनगर टाकसाळीच्या रुपयावर शिवलिंग आहे, बेलाचं पान आहे, पण नाव दिल्लीच्या मुघल बादशहा शाह आलमचं! ज्याचे डोळे १७८८ मधे रोहिला सरदार गुलाम कादिरने काढले आणि ज्याला महादजी शिंद्यांनी परत गादीवर बसवलं. राज्य चालवायच्या बाई, नाव त्याचं. म्हणून नाण्यावरचं नाव वाचून तिथे राज्य कोणाचं ते ठरवू नका, नव्याने गोळा करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

अजून एक, तरंगमबाडी तंजावरच्या राज्यात होती आणि तंजावर १६७६ पासून भोसल्यांकडे होतं, त्यामुळे डॅनिश लोक किल्ल्यावर झेंडा आपला लावायचे पण जमिनीचा वर्षाचा खंड आपल्या मराठी राजांना द्यायचे. पुढे १८४५ मधे त्यांनी तरंगमबाडी इंग्रजांना विकून टाकली.