खालचा सा

शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी लिहून पाठव, असा निरोप आला आणि आधी आठवली ती वरच्या मजल्यावरची गायनाची खोली. कोपऱ्यात गवसणीतला तंबोरा, खिडकीशी पेटी. सातवीत स्नेहसंमेलनाचं समूहगीत बसवताना बाईंनी आम्हा सहाजणींना वेगळं काढलं. "तुम्ही फक्त खालचा सा धरायचा. चाल बाकीच्या म्हणतील." त्या दिवशी घरी येऊन मी रडले होते. साऱ्या मैत्रिणी गाणार आणि आम्ही आपला आकार लावून उभ्या!

नोकरीनिमित्त जर्मनीत आले, त्याला आता पंधरा वर्षं झाली. इथल्या गावातल्या हौशी गायकवृंदात मी गाते. माझा आवाज आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा. चाल बहुतेक वेळा सोप्रानोंकडे, म्हणजे वरच्या आवाजाच्या बायकांकडे असते, आम्ही खाली चार-पाच सुरांत फिरत राहतो.

गेल्या वर्षी दौऱ्यात लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये गायला मिळालं. 1723 पासून 1750 साली मृत्यू येईपर्यंत जर्मन संगीतकार बाख इथे कॅन्टर होता. कॅन्टर म्हणजे नुसता वादक नव्हे. चर्चला लागून शाळा होती. तिथल्या मुलांना गाणं शिकवायचं, रविवारच्या प्रार्थनेसाठी त्यांच्याकडून ते बसवून घ्यायचं, हे त्याचं काम. एवढा मोठा संगीतकार, पण पोटापाण्याला शाळेतला गायनाचा मास्तर! हे वाचलं तेव्हापासून तो मला एकदम आपला वाटू लागला. इथला मुलांचा गायकवृंद तर त्याच्याही आधीचा, 1212 सालचा, आणि तो आजही गातो.

दुपारी तालमीला आम्ही पश्चिमेकडच्या सज्जात, मोठ्या ऑर्गनपाशी उभे राहिलो. वर दगडी कमानी, खाली रिकामी बाकं. रिकाम्या जागेत सूर रेंगाळतो. परत येणारा स्वतःचाच आवाज ऐकत सोप्रानो मागे पडू लागल्या आणि लय ढिली झाली. आमच्या संचालकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, "फक्त आल्टो."

चालीविना नुसती आमची ओळ. वेगळी काढली तर तिला कुणी गाणं म्हणणार नाही. पण त्या दगडांखाली ती अशी स्थिर उभी राहिली की माझ्या अंगावर काटा आला. मग त्यांनी पुरुषांतले खालच्या आवाजाचे बास घेतले, मग वरच्या आवाजाचे टेनर, आणि सर्वांत शेवटी सोप्रानो. चाल अलगद आमच्यावर येऊन बसली, जराही हलली नाही. बाईंनी आम्हा सहाजणींना का निवडलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

रात्रीचा कार्यक्रम छान झाला. लोक गेल्यावर मी वेदीपाशी गेले. तिथे जमिनीत बाखची समाधी आहे. त्याच्या अस्थी दुसऱ्या महायुद्धानंतर इथे आणल्या. ब्राँझच्या पाटीवर फक्त नाव आहे, आणि त्या दिवशी वर कुणीतरी ठेवलेली दोन-तीन फुलं होती.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन लावला. त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तंबोरा होता का गं तिथे?"

"नाही बाई."

"मग सा कुणी धरला?"

"आम्हीच धरला, बाई."