चाळीतल्या भजनाची व्हीसीडी ओपसमध्ये: पाचवी तबकडी

दादरला रेल्वेमार्गालगतच्या आमच्या चाळीत २००२ साली सत्यनारायणाच्या पूजेच्या रात्री झालेल्या भजनाची व्हीसीडी या आठवड्यात हाती घेतली. तिच्यावरची ५२ मिनिटांची डॅट फाईल (चित्र आणि आवाज एकत्र असलेली) सुमारे ५५० मेगाबाइटची आहे. चित्र ३५२ बाय २८८ चे आणि अंधारलेले असल्यामुळे जपण्याजोगा आहे तो आवाजच.

व्हीसीडीवरचा आवाज एमपी२ प्रकारचा, ४४.१ किलोहर्ट्झ आणि सेकंदाला २२४ किलोबिटचा असतो. तो मुळातच आकुंचित असल्याने ओपस या कमी जागा घेणाऱ्या ध्वनिप्रकारात नेताना त्यातले आणखी काही गळणारच. म्हणून एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅमने चित्र वगळून मूळ आवाज पुन्हा एन्कोड न करता जसाच्या तसा काढून घेतला. ती ८७ मेगाबाइटची प्रत कायमची राहील, आणि ओपस केवळ ऐकण्यासाठी.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये पाहिल्यावर उजव्या बाजूला नुसती घरघर असल्याचे आढळले. दोन्ही बाजू एकत्र करून मोनो केल्यावर भजन निम्म्याने खाली गेले आणि घरघर मात्र त्यात मिसळली, म्हणून शेवटी एकटी डावी बाजूच घेतली. ३२ किलोबिटला निरूपण स्वच्छ ऐकू येत होते, पण झांजा सुरू होताच त्यांचा नाद चरचरू लागला. ६४ किलोबिटला हेडफोन लावूनही मला मूळ प्रतीशी फरक जाणवला नाही. फाईल २५ मेगाबाइटची झाली.

गोंगाट कमी करण्याचा प्रयोग मात्र मी मागे घेतला. दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर खिडकीखालून लोकल धडधडत जाते आणि आजी तेवढ्यापुरता स्वर चढवते, गाडी गेली की पुन्हा खाली येते. फिल्टरने गाडी पुसट झाली, पण झांजेची आसही तुटली आणि आजीचा तो चढलेला स्वर अकारण वाटू लागला. गाडी त्या भजनाचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

शेवटची चार मिनिटे अजून निघालेली नाहीत. तबकडीची नोंद आतून बाहेर जाते आणि ओरखडा नेमका बाहेरच्या कडेला आहे. शिवाय व्हीसीडीत एका सेक्टरमध्ये (तबकडीवरच्या नोंदीच्या एका कप्प्यात) २०४८ ऐवजी २३२४ बाइट बसवण्यासाठी चूकदुरुस्तीचा जादा थर सोडून दिलेला असतो, त्यामुळे ओरखडा थेट आवाजावर उमटतो. भैरवी त्याच चार मिनिटांत आहे. दुसरी प्रत डोंबिवलीला मामांकडे असून रविवारी ती आणून दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहणार आहे.