केळीच्या पावत्या आणि पोस्टग्रेसची मेमरी: माझा अनुभव

रावेर-सावदा भागातल्या एका केळी व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर मी जळगावहून सांभाळतो. शेतकऱ्यांची खाती, वजन, गाड्या, भाव सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, सर्व्हर त्यांच्याच ऑफिसात, १६ जीबी रॅमचा. सीझनमध्ये संध्याकाळी गाड्या भरल्या की पावत्या आणि हिशेबाचे रिपोर्ट एकदमच काढतात, आणि तिथंच सगळं अडायचं. मुनीम अण्णांचा फोन, "भाऊ, पावतीला लय टाइम लागी राहिला, शेतकरी उभे आहेत." मला ते ऐकवत नाही, कारण शेतकरी सकाळपासून बागेत असतो.

सेटिंग पाहिली तर शेअर्ड बफर्स (वाचलेला डेटा पोस्टग्रेस रॅममध्ये ठेवतो ती जागा) १२८ एमबी, इन्स्टॉल केल्यावर जे येतं तेच. पोस्टग्रेस डेटा पानांत ठेवतो, एक पान ८ केबीचं, म्हणजे जेमतेम १६ हजार पानं हाताशी. पण आकडा लगेच वाढवला नाही, आधी एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) मध्ये अ‍ॅनालाइझ आणि बफर्स लावून क्वेरी चालवली. हिट (पान शेअर्ड बफर्समध्येच सापडलं) कमी, रीड (बाहेरून आणावं लागलं) भरपूर. आता रीड म्हणजे डिस्कवरूनच आलं असं नसतं हां, लिनक्सच्या कॅशमधूनही येतं, त्यामुळे नुसत्या हिट रेशोवर विश्वास ठेवू नका, ट्रॅक आयओ टायमिंग ही सेटिंग चालू करून वाचायला लागलेला वेळ बघा, मला तिथंच खरं काय ते दिसलं.

मग पीजी बफरकॅश हे एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायचा छोटा भाग) टाकलं, कोणत्या टेबलची किती पानं आत आहेत ते त्यात दिसतं. मुनीमजी चालू खात्याच्या वह्या गादीजवळ ठेवतात आणि जुन्या माळ्यावर, तसं इथं व्हायला पाहिजे. प्रत्येक पानाला वापराचा आकडा असतो, जास्तीत जास्त ५, आणि जागा लागली की पोस्टग्रेस गोल फिरत एकेक कमी करत जातो, शून्यावर आलेलं पान बाहेर. पण आमचं वजनाचं टेबल ६०० एमबीच्या आसपास, आणि शेअर्ड बफर्सच्या पाव भागापेक्षा मोठं टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचं असलं की पोस्टग्रेस २५६ केबीच्या छोट्या रिंगमधूनच (तीच थोडी जागा परत परत वापरत) वाचतो, म्हणजे बाकीची पानं हाकलली जाऊ नयेत म्हणून. सोय चांगलीच आहे, पण १२८ चा पाव म्हणजे ३२ एमबी, त्यामुळे आमचं रोजचं टेबल कितीही वेळा वाचलं तरी शेअर्ड बफर्समध्ये टिकतच नव्हतं.

शेअर्ड बफर्स ४ जीबी केले, रॅमच्या पाव भागापासून सुरू करा असं पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे. रिस्टार्ट लागतो, रात्री केला. इफेक्टिव्ह कॅश साइझ १२ जीबी दिली, ती मेमरी घेत नाही, फक्त प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला, अंदाज देते. पावत्या सुटल्या.

हिशेबाचा रिपोर्ट मात्र तसाच. एक्स्प्लेनच्या प्लॅनमध्ये 'एक्स्टर्नल मर्ज' दिसलं, म्हणजे सॉर्ट मेमरीत न मावता डिस्कवर चाललेला, वर्क मेम (सॉर्ट, हॅश अशा कामांना मिळणारी मेमरी) डिफॉल्ट ४ एमबी ना! ही मात्र सगळ्यांसाठी वाढवू नका, कृपा करून. ती प्रत्येक कनेक्शनमधल्या प्रत्येक सॉर्टला, हॅशला वेगळी मिळते, गर्दीत बेरीज कुठल्या कुठे जाते आणि लिनक्स प्रोसेस मारायला लागतो. मी फक्त रिपोर्टच्या युजरला ६४ एमबी दिली.

राहिला उन्हाळा. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या घरात, लाइट जाते, इन्व्हर्टर उतरतो, सर्व्हर बंद. परत चालू झाला की बफर रिकामे आणि पहिली गाडीच अडकते. म्हणून पीजी प्रीवॉर्म हे एक्स्टेन्शन शेअर्ड प्रीलोड लायब्ररीज या सेटिंगमध्ये टाकलं, ते दर ५ मिनिटांनी आत कोणती पानं आहेत त्याची यादी फाइलमध्ये लिहून ठेवतं, आणि चालू झाल्यावर तीच पानं परत भरतं. अचानक बंद पडला तरी शेवटची यादी राहते, आणि आमच्याकडे बंद पडायची वेळ कोण सांगून येतं.